भिंतीला कान लावणाऱ्या शैलाताई

शैलाताई पहिल्यांदा आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि माझ्याकडे न बघता सरळ हॉलच्या भिंतीशी गेल्या. बोटाच्या पेराने टक्‌टक् केलं, भिंतीला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. मी तबक धरून उभी. "थांब, ऐकू दे," त्या म्हणाल्या. मग निकाल दिला, "पोकळ आहे."

आता इथे आखातात, अल दुहैलच्या कंपाउंडमधल्या भिंती त्या! शेजारी शिंकला तर आपण नाक पुसावं अशी गत. त्यात आमच्या आणि त्यांच्या व्हिलाची एक भिंत सामाईक, म्हणजे निकाल त्यांच्याही घराला लागू होता.

भिंती ऐकणं हा बाईंचा व्यवसायच. जुन्या इमारतींचा गिलावा आणि त्यावरची चित्रं वाचवायची. गिलावा आतून सुटला की ठोकल्यावर आवाज बदलतो, तिथे सुईने चुना सोडून तो परत धरवायचा. नोकरी इथल्या जुन्या दगडी घरांच्या दुरुस्तीवर होती, पण जीव अडकला होता जॉर्जियात, डोंगरातल्या एका मध्ययुगीन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये. आम्ही सुट्टी लागली की पुणं-नाशिक गाठायचो, तेव्हा ही बाई तिथे परांचीवर चढलेली असायची. ठोकून बघायची सवय पुढे माणसांपर्यंत गेली. ऑफिसातल्या नव्या मॅनेजरबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "बरा आहे गं, पण डाव्या अंगाला पोकळ आहे."

त्या चर्चच्या गोष्टी त्या नेमक्या गणपतीच्या प्रसादाला काढत आणि आमच्या घशात मोदक अडकत. भिंतभर रंगवलेले संत उभे आहेत आणि कितीतरी संतांना डोळेच नाहीत. शत्रूने फोडले म्हणाल तर तेही नाही. गावातल्याच बायकांनी पूर्वी ते खरवडून नेले, असं तिथले लोक सांगतात. ती पूड पाण्यात कालवून स्वतःच्या दुखऱ्या डोळ्यांना लावायची म्हणे. "आणि तरी बघतात हं ते," ताई मोदकाची कळी मोडत सांगायच्या. "मी परांचीवर सरकले की तेही सरकतात." आमची लेक त्यानंतर बरेच दिवस बाथरूमला एकटी जाईना.

मात्र एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. तिथल्या गवंड्यांनी भिंतीत मातीची मडकी पुरून ठेवली होती, तोंडं चर्चच्या आतल्या बाजूला करून, म्हणजे पाद्रीबुवांचा आवाज घुमावा. एका मडक्याचं तोंड पुढे कोणीतरी गिलाव्याने लिंपलं होतं, बोटभर भोक तेवढं राहिलं होतं. ताईंनी ठोकलं, पोकळ लागलं. गिलावा सुटलाय असं समजून त्यांनी त्या भोकातून चुना भरला. पुढची प्रार्थना सुरू झाली आणि तो कोपरा गप्प. म्हातारे पाद्री रागावले नाहीत. कोपऱ्याकडे तोंड करून तीच ओळ परत गायले, थोडं थांबले आणि निघून गेले. "वाचा घालवली गं मी त्या चर्चची," ताई म्हणायच्या. तो चुना स्वतःच्या हाताने कोरून काढायचा, हा त्यांचा ध्यास होता.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांचे यजमान, अण्णा, झोपेतच गेले. रास लफानच्या गॅस प्लांटवर कंपनी बसने जाणारा-येणारा, खर्जातल्या आवाजाचा माणूस. चर्चमधून निरोप आला, परांची बांधून तयार आहे, या. ताईंनी नाही कळवलं. मी चांगलीच भांडले. तेव्हा हळूच म्हणाल्या, "मला हे ऐकू येतात. भिंतीतून. खोकतात, हाक मारतात. जिला आपल्या कानांचा भरवसा नाही तिने भिंत ठोकू नये. आणखी एखादं मडकं बुजवीन मी."

"एसीचा पाइप असेल हो," मी म्हटलं, आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावला.

पुढे एका दुपारी धुळीचं वादळ आलं. खिडक्या पिवळ्या झाल्या, समोरची व्हिला दिसेना. मी पोळ्या लाटत होते आणि सामाईक भिंतीतून आवाज आला, "शैला, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"मम्मा, दॅट्स अण्णा आजोबा," लेक म्हणाली.

रामरक्षा म्हणावी तर पहिली ओळ आठवेना. लाटणं हातात तसंच घेऊन मी शेजारी धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये सूक वाकिफच्या बाजारातून आणलेला मोठा मातीचा रांजण भिंतीशी आडवा केलेला, आत फोन, आणि जमिनीवर फतकल मारून शैलाताई.

"तुला ऐकू आलं? तिकडे?"

"येणार नाही तर काय! जीव जायचा राहिला माझा."

"काय म्हणाले?"

"चष्मा कुठे ठेवलास."

त्यांनी डोळे पुसले. अण्णांनी कधीतरी पाठवलेला तो आवाजी निरोप फोनमध्ये राहून गेला होता. "नुसता फोनवर चिरका येतो, रांजणात ठेवला की ह्यांचा होतो. लावते, बंद करते आणि बघते, बंद असतानाही येतात का. बरेच दिवस आले नाहीत असं मला वाटतंय, पण माझ्या एकटीच्या वाटण्यावर काय धरायचं? ताळा कोणाकडून करून घेऊ?"

त्यांनी फोन बंद करून माझ्या हातात दिला. आम्ही दोघींनी भिंतीला कान लावले. वाळू काचांवर घासत होती. भिंत गार होती आणि खरं सांगते, त्या वेळी कोणी नुसतं खाकरलं असतं तरी मी तिथेच आडवी झाले असते. आम्ही बराच वेळ तशाच उभ्या होतो.

"काही?" त्यांनी विचारलं.

"नाही हो."

"मलाही नाही."

"अहो, म्हणजे कान ठणठणीत आहेत तुमचे! यल्ला, तिकीट काढा! चर्च वाट बघतंय."

"काढते की. उद्याच काढते," शैलाताई म्हणाल्या, पण भिंतीपासून हलल्या नाहीत. "पण मग हे खरंच गेले गं."