गोमाकाकांची चौथाई

तळपदे साहेबांना एके दिवशी असं वाटलं, की आपला कारखाना कसा चाललाय हे आपल्याला कळत नाही. कारखान्यातल्या बाकी सगळ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती, पण साहेबांना तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

साजगावातला पुठ्ठ्याचा कारखाना तो. एका बाजूनं रद्दी आत जायची, दुसऱ्या बाजूनं पुठ्ठ्याचे गठ्ठे बाहेर यायचे आणि मध्ये साहेब असायचे. सत्त्याऐंशी साल होतं. कारखान्यात कॉम्प्युटर नुकता आला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे, आणि अख्ख्या कारखान्यात थंड हवा तेवढ्या एकाच खोलीत असल्यामुळे साहेबांची त्या कॉम्प्युटरवर फार भक्ती जडली होती. त्याच भक्तीच्या भरात त्यांनी मुंबईहून एक महागडा प्रोग्राम मागवला. कारखान्याची कामगिरी म्हणे तो पडद्यावर उभ्या पट्ट्यांनी दाखवणार होता.

प्रोग्राम आला, चालू झाला, आणि पडद्यावर सगळ्या पट्ट्या शून्यावर बसून राहिल्या.

"हा काहीच दाखवत नाहीये," साहेब म्हणाले.

"त्याला काहीच माहीत नाही, साहेब," कॉम्प्युटर सांभाळणारा नामा म्हणाला. "तो फक्त हाका मारतो. 'गठ्ठे किती?', 'वाफ किती?', 'रद्दी किती?' प्रत्येक हाकेला ओ देणारं एकेक फंक्शन आपण लिहायचं. ते आकडा देईल, मग पट्टी वर जाईल. कॉलबॅक म्हणतात त्याला."

"मग एवढे पैसे कशाचे दिले आपण?"

"हाका मारायचे, साहेब."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि साहेब जे नेहमी करतात तेच केलं. "लिही मग," ते म्हणाले. "मुंबईचे मोठे साहेब बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर पट्ट्या नीट उभ्या राहिल्या तर तुला कायम करतो. नाहीतर तुझं तू बघ."

नामाचा जीव त्या 'कायम' शब्दात अडकला होता. कर्जतजवळच्या त्याच्या गावी आई सोनुबाईनं त्याच्यासाठी गोदा नावाची मुलगी बघून ठेवली होती. मुलगी नामाला इतकी आवडली होती, की बघण्याच्या कार्यक्रमात दिलेला चहा तो बशीसकट विसरून आला होता. पण गोदाचा बाप विठूमामा अडून बसला होता. "टेंपररी जावई नको आमाला," त्यानं सांगून टाकलं होतं. "पोरगी काय टेंपररी देतोय का आमी?"

नामा कामाला लागला. वाफेचं फंक्शन जमलं, रद्दीचं जमलं. गठ्ठ्यांपाशी मात्र गाडी अडली. गठ्ठे मोजणारा विजेचा डोळा मुंबईच्या मंजुरीची वाट बघत होता. नामानं तोवर जुगाड केला. प्रोग्रामनं हाक मारली, की फंक्शन मशीनच्या टोकाला घंटी वाजवणार. तिथे उभे असलेले गोमाकाका बटणांच्या पेटीवर आकडा दाबणार. फंक्शन तो आकडा उचलून वर देणार.

गोमाकाका जवळच्याच कुंभिवली गावचे. वर्षातले काही महिने भातशेती करायचे आणि उरलेले महिने पुठ्ठ्याची. त्यांनी पहिला आकडा दाबला आणि पट्टी जरा बुटकीच राहिली. साहेबांचा चेहरा पडला. नामा धावत मशीनवर गेला, तर गठ्ठ्यांची थप्पी छताकडे निघालेली.

"गोमाकाका, गठ्ठे तर जास्त दिसतायत!"

"हायेत की."

"मग कमी का दाबलेत?"

"समदं सांगायचं नसतं रं," गोमाकाका हळूच म्हणाले. "पडद्यावर दिसनार, धा मानसं बघनार. नजर लागली नि मशीन बसली, तर मंग? तुजी आयस तरी सांगते का खळ्यावरचा खरा आकडा?"

भाताची कणगी गळ्यापर्यंत भरलेली असताना 'हाय आपलं पोटापुरतं' म्हणणाऱ्या सोनुबाईचाच नामा हा मुलगा होता. पिकाचा पुरा आकडा सांगणारा माणूस त्याच्या पंचक्रोशीत जन्माला यायचा होता. गोमाकाका बधणार नाहीत हे त्याला कळलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं त्याला थोडंसं पटलंही. त्यानं थप्पी मोजली, काकांचा आकडा आठवला आणि खोलीत परत येऊन फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली. काका जे दाबतील त्यात चौथाई घालायची नि मग वर पाठवायचं. पट्टी बरोबर जागी जाऊन उभी राहिली.

एवढ्यावर थांबले असते तर ते साहेब कसले! आनंदाच्या भरात त्यांनी रोजचा आकडा फाटकावरच्या फळ्यावर खडूनं लिहायला लावला. सकाळी कामावर येताना गोमाकाकांनी तो वाचला आणि ते जागीच थबकले. आपण पोटात ठेवलेले गठ्ठे फळ्यावर आले होते! ही पेटी साधी नाही, मनातलं ओळखते, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी मशीनला लिंबू-मिरची बांधली आणि त्या दिवसापासून आणखी कमी दाबायला सुरुवात केली. पट्टी खाली आली. नामानं चौथाईच्या जागी निम्म्याची भर घातली. फळ्यावर पुन्हा पुरा आकडा आला. काका आणखी खाली उतरले. असं होता होता काका निम्मं दाबू लागले आणि नामाचं फंक्शन त्याची दुप्पट करू लागलं. पट्टी मात्र जागची हलली नाही. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "याला म्हणतात शास्त्रशुद्ध कारभार."

मोठे साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी मंजुरी आली. मोठ्या साहेबांना चकित करायचं म्हणून तळपद्यांनी गुपचूप विजेचा डोळा बसवून घेतला. वायरमननं काकांच्या पेटीची वायर काढली आणि डोळ्याची त्याच जागी जोडली. नामाला कुणी सांगितलं नाही. फंक्शनला तर विचारायचा प्रश्नच नव्हता. डोळ्यानं खरा आकडा दिला, फंक्शननं इमानदारीत त्याची दुप्पट केली.

मोठे साहेब चपला काढून पडद्यासमोर बसले. गठ्ठ्यांची पट्टी उठली, कंपनीच्या नावापर्यंत गेली, नाव खाऊन पडद्याच्या काठाला टेकली.

"तळपदे, आत जाणाऱ्या रद्दीपेक्षा बाहेर येणारा पुठ्ठा जास्त कसा?"

"बचत, सर," तळपदे म्हणाले.

मोठे साहेब उठले आणि थेट थप्पीपाशी गेले. गठ्ठे पट्टीच्या निम्मे भरले. तळपद्यांचा चेहरा पांढरा पडला, पण साहेबी डोकं लगेच चाललं. "चोरी!" ते ओरडले. "फाटक बंद करा!"

सगळ्यांचे जेवणाचे डबे उघडून झाले. दरवाजाएवढा गठ्ठा डब्यात कसा मावेल, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. गोमाकाकांच्या डब्यात भाकरी आणि सुकट सापडली, आणि तळपद्यांनी त्यांनाच धरलं.

"रोज किती गठ्ठे निघतात?"

"निघत्यात आपलं थोडंफार."

"नक्की किती?"

"देव देतो तेवढं."

"बघा, आकडा लपवतोय!" तळपदे कडाडले. "खालापूरला फोन लावा, पोलीस बोलवा!"

काका खाली बसून झडतीत सांडलेली सुकट वेचून डब्यात भरत होते. नामाला रडू यायचं तेवढं बाकी होतं. गप्प राहिलं तर कायम, गोदा, सगळं काही. बोललं तर गेलंच. पण सुकट वेचणाऱ्या काकांकडे बघवेना.

"साहेब, काकांनी काही चोरलं नाही," तो म्हणाला. "आकडा मी वाढवलाय. फंक्शनमध्ये."

"किती वाढवलास?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"थोडासाच, सर."

"नक्की किती?"

"दुप्पट."

नजर लागण्याच्या काकांच्या भीतीपासून साहेबांच्या फळ्यापर्यंत सगळं त्यानं सांगून टाकलं. तळपदे त्याला तिथल्या तिथे काढून टाकायला तोंड उघडणार, तोच मोठे साहेब हसायला लागले.

"तळपदे, तुमच्याकडून कुठलाही आकडा आला, की मुंबईत आम्ही त्याच्या निम्मा धरतो. कित्येक वर्षं धरतोय. त्या हिशेबानं तुमचा आजचा आकडा तंतोतंत बरोबर आहे. तुम्हाला हे पहिल्यांदाच जमलंय."

तळपद्यांना हे कौतुक आहे की काय ते कळेना, म्हणून ते हसले.

"त्या फंक्शनला हात लावायचा नाही," मोठे साहेब म्हणाले. "आणि या मुलाला कायम करा."

ते फंक्शन आपणच दूरदृष्टीनं लिहून घेतलं होतं, असं तळपदे संध्याकाळपर्यंत सांगू लागले. गोमाकाकांनी मशीनवरची लिंबू-मिरची सोडली आणि विजेच्या डोळ्याला बांधली.

रविवारी विठूमामा घरी आला. चहा झाला, सुपारी झाली.

"कायम झालास म्हनं. पगार किती हाय?"

नामानं आईकडे पाहिलं. सोनुबाईनं डोळे वटारले.

"हाय आपला, मामा," नामा म्हणाला. "पोटापुरता." आणि खऱ्यातला थोडा झाकून त्यानं एक आकडा सांगितला.

विठूमामानं मान डोलावली, आढ्याकडे बघत मनातल्या मनात त्यात चौथाई मिळवली आणि समाधानानं म्हणाला, "मंग धरा तारीख."

लग्न थाटात झालं. पहिल्या पगाराला नामानं पाकीट जसंच्या तसं गोदाच्या हातात ठेवलं, एक पैसाही न झाकता. तिनं ते मोजलं, उलटं करून झटकलं आणि वाट बघत राहिली. मग लाडानं म्हणाली, "आता उरल्याला कुठं ठेवलाय, ते बी सांगा की."