सुमनताई आणि वाघोलीचं कंदीलपुष्प

या, अशा जवळ बसा. पुण्यात राहता आणि आमच्या सुमनताई तुम्हाला ठाऊक नाहीत? कमाल आहे बाई तुमची!

नारायण पेठेत त्या माझ्या समोरच्या घरात राहतात, एकट्याच. एकदा हळदीकुंकवाला बोलवायला गेले, तर ताईंनी माझ्या वेणीतला सोनचाफा उपसून रद्दीच्या पेपरात घातला आणि वर पाटा ठेवला!

"अहो, माळलेला होता तो!"

"उद्या फेकलाच असतात. आता शंभर वर्षं राहील."

ताई विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये होत्या. तिथे झाडं अशीच दाबून सुकवतात, जाड कागदावर टाके घालून बसवतात आणि कपाटात ठेवतात. काही तर इंग्रजांच्या काळातली! निवृत्त झाल्या तरी रोज जातात. अंगाला डांबरगोळ्यांचा वास. रिक्षावाला विचारतो, "काकू, गोधड्या काढल्या का?"

"नाही, झाडांचे पणजोबा काढले."

त्या कपाटात वाघोलीच्या माळावरचं एक जुनं कंदीलपुष्प आहे. फूल हुबेहूब कंदिलासारखं. पुढे ते तिथे कुणालाच दिसलं नाही. माळावर इमारती आल्या, तरी ताई दर पावसाळ्यात शोधायला हजर. वॉचमन विचारायचा, "आजी, काय हरवलं?" ह्या म्हणायच्या, "झाड!"

आणि परवा सापडलं हो! फोनवर नुसत्या ओरडत होत्या. मी घरच्याच साडीवर रिक्षानं वाघोलीला धावले. कुंपणाच्या तारेवर नाजूक वेल, हिरवट-जांभळे कंदील लटकलेले. मी तर टाळ्याच वाजवल्या!

आता ताईंचा नियम असा, की कंदापासून फुलापर्यंत अख्खं झाड कपाटात आलं तरच ते सापडलं. बाकी सगळ्या ऐकीव गोष्टी. खुरपं हातात घेऊन बसल्या. बसल्याच.

"काढा की! जन्मभर शोधलंत."

"आसपास सगळं बघितलं मी. दुसरी वेल नाही. एकटीच आहे हो ही."

"मग नोंद? कोण विश्वास ठेवणार?"

ताईंनी खुरप्यानं बुंध्याशी माती ओढली, भोवती दगड लावले. मग हळूच म्हणाल्या, "नसू दे नोंद. एकट्या जिवाला कुणी बघायला आलं, की बरं वाटतं."

तेव्हापासून दिसेल त्याला घेऊन जातात. कपाटात पुरावा नाही, तेव्हा बघून आलेली माणसं हाच पुरावा! तुम्हीही या ना लवकर, फुलं आहेत तोवर. आधी ताईंकडे चहा, मग वाघोली. चहाला नाही म्हणू नका, कप मांडून वाट बघतात त्या.