राठोडसरांची कोरी नळी

राठोडसर माझ्या दुकानात आले की समोरच्या टपरीवरून दोन चहा आणि एक कप नुसतं गरम पाणी मागवतात. चहा आमच्या दोघांचे. गरम पाण्याचा सर आधी एक घोट घेतात, जिभेवर फिरवतात, "कप साफ हाय," असं जाहीर करतात आणि मगच चहाला हात लावतात. उद्या चहाला वेगळीच चव लागली, तर ती चहाची की कपाची हे कळायला नको? टपरीवाला सुरुवातीला माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवायचा. आता न सांगता तिसरा कप आणतो.

मी सलीम. यवतमाळच्या बसस्टँडजवळ माझं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. परसराम राठोड हे बाभुळगाव रस्त्यावरच्या एका बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत डीएनए बघतात. तिथले चार फ्रीज आणि दोन एसी मी सांभाळतो. राठोडसरांनाही सांभाळतो, पण ते बिलात धरत नाही.

डीएनए म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्याच हत्यारांच्या बॅगेवर शिकवलं. चेन वरखाली करत म्हणाले, "हे पाहा. दोन बाजू. कोणत्या दातासमोर कोणता दात बसन, ते ठरलेलं. पंच्याण्णव डिग्रीले तापवलं, का चेन उघडली. मंग थंड केलं, पुन्हा बहात्तरवर नेलं, का दोन्ही अर्ध्या चेना आपली गेलेली बाजू नव्यानं बनवतेत. सुटे दात नळीत टाकलेलेच असतेत. एकाच्या दोन, दोनाच्या चार." असं तीस वेळा केलं की एका चेनच्या शंभर कोटींवर चेना होतात म्हणे. तापवायचं, थंड करायचं, म्हणजे माझाच धंदा. मला पटकन समजलं. बॅगेची चेन मात्र त्या दिवसापासून नीट लागत नाही.

"पण ही मशीन लय भुकेली हाय, सलीमभाऊ. धुळीचा कण पडला तरी त्याची कॉपी करते." म्हणून दर खेपेला शेवटच्या नळीत ते सगळं टाकतात, फक्त डीएनए टाकत नाहीत. त्याच्या जागी पाणी. ही कोरी नळी. तपासणीच्या फोटोत बाकीच्या नळ्यांच्या रांगेत चमकणाऱ्या पट्ट्या दिसतात, कोरीच्या रांगेत अंधार हवा. तिथं काही चमकलं, तर कुठूनतरी घाण शिरली आहे, आणि अख्खा निकाल कचऱ्यात.

इथवर ठीक आहे. पण सरांनी ही कोरी घरीदारी नेली. आमच्या गल्लीतले एक काका गुडघ्याच्या तेलाचं फार कौतुक करत होते. सरांनी विचारलं, "दुसऱ्या गुडघ्याले काय लावलं?" काका म्हणाले, दोन्हींना तेलच. "मंग कसं सांगता तेलानं बरं झालं? एक कोरा ठेवाले पाह्यजे होता." काका त्यानंतर त्यांना बघितलं की रस्ता बदलतात.

माझ्यावरही हा प्रयोग झालाच. एकदा प्रयोगशाळेतले दोन फ्रीज एकदम बंद पडले. मी छातीठोकपणे सांगितलं, दोन्हींचे कॉम्प्रेसर गेले. सर म्हणाले, "एकाचाच बदला. दुसऱ्याले नुसतं हलवा, दार उघडा, लावा. तो आपला कोरा." मी मनात चार शिव्या दिल्या आणि तसं केलं. तासाभरात दोन्ही फ्रीज गार. दोन्ही फ्रीज ज्या बोर्डावर होते त्याची भिंतीतली पिन सैल होती, हलवाहलवीत ती बसली होती.  सरांच्या मिशा हसत होत्या, आणि तेवढं मला पुरलं.

त्यांच्या आतल्या खोलीत तर देवघरापेक्षा कडक सोवळं. तिची किल्ली फक्त त्यांच्याकडे. मी एसी बघायला गेलो की चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि खिसे उलटे करून दाखवायचे. एकदा माझ्या खिशातून दोन फुटाणे निघाले. सरांनी ते चिमट्यानं उचलून बाहेर टाकले, विंचू टाकावा तसे.

आता त्यांच्या ज्वारीचं सांगतो. सरांची आई, त्यांच्या गोर बोलीत याडी, तांड्यावरच्या शेतात धुऱ्याकडेला, म्हणजे बांधालगत, जुन्या ज्वारीच्या चार ओळी पेरायची. गोल, लालसर दाणा. जायच्या आधी तिनं एक काचेची बाटली भरून ती ज्वारी मुलाच्या हातात दिली आणि सांगितलं, दरवर्षी पेर. सर तेव्हा नव्या नोकरीत. यंदा नाही, पुढच्या वर्षी, असं करत बरीच वर्षं गेली. शेवटी पेरली तेव्हा एकही दाणा उगवला नाही. मेलेल्या दाण्यातही डीएनए मात्र टिकतो. मूठभर दाणे बाटलीत उरले होते. तेव्हापासून सर तांड्या-तांड्यावरून तशा दिसणाऱ्या ज्वारीचे दाणे मागवतात आणि बाटलीतल्या दाण्याशी ताडून बघतात. कुणाच्यातरी शेतात ती अजून जिवंत असेल, एवढीच त्यांची आशा. तोवर एकही जुळली नव्हती.

उमरखेडकडच्या एका तांड्यावरून एका मावशींनी पुडी पाठवली, तिची तपासणी झाली तेव्हा मी योगायोगानं तिथंच होतो. आतल्या खोलीचा एसी पुन्हा गळत होता, माझी सलग दुसऱ्या दिवशीची फेरी होती. सर फोटो घेऊन बाहेर आले आणि मला चक्क मिठी मारली. "जुळली, सलीमभाऊ! याडीची ज्वारी जुळली! पट्टीले पट्टी!" मी म्हटलं, "मंग पेढे आणू?" ते "आणा" म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर फोटोच्या शेवटच्या रांगेवर गेली. कोरी. तिच्यातही तीच नक्षी चमकत होती.

"तुमी काल आत गेलते," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "काय होतं खिशात?"

मला राग आला. "काहून माह्यावर येता? खिसे तुमीच तपासले ना!"

सर फोटोकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बराबर हाय. फुटाण्याची नक्षी अशी नसते. ही याडीच्याच ज्वारीची हाय. दाणा मी बाहेरच्या खोलीत काढत असतो. म्हंजे बाटली आत उघडली गेली." खिशातली किल्ली चाचपत म्हणाले, "किल्ली माह्याजवळच असते. मीच उघडली. वास घ्याले. कदीमदी घेतो मी."

फुटाण्यांना चिमटा लावणारा हा माणूस बाटलीत नाक घालून उभा राहिलेला मला डोळ्यांसमोर दिसला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

कुणाला कळलं नसतं. पण सरांनी निकालावर काट मारली, खोली धुऊन काढली, नवं पाणी आणलं आणि आठवड्यानं पुन्हा तपासणी केली. या वेळी कोरी कोरीच राहिली, आणि ज्वारी जुळली नाही. त्यांनी माझ्यासमोरच मावशींना फोन केला. "मावशी, तुमची ज्वारी चांगली हाय. पेरत राहा. पण ते आमची नोहे."

मागच्या महिन्यात त्यांच्या घरचा फ्रीज बिघडला. भाभी म्हणाल्या, "आधी वरचा कप्पा पाहा, नाही तर हे जेवत नाहीत." वरच्या कप्प्यात बर्फाशेजारी प्रयोगशाळेतून घरी आणलेली ती बाटली होती, तळाशी दहा-बारा दाणे. आणि पारदर्शक पिशवीत तो रद्द झालेला फोटो.

"सर, हा तर फेकाचा होता ना?" मी विचारलं.

"निकाल फेकला," सर म्हणाले. त्यांनी पिशवीवरूनच शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं. "इथं मी नुसतं पाणी टाकलं होतं, सलीमभाऊ. तरी याडी आली."

मग एकदम घाईनं म्हणाले, "दार लावा, दार लावा. गरम होऊन राह्यलं."