लावणीची पगारी रजा

तक्ता मनासारखा झाला तर प्रज्ञेशच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: दार लागणारी केबिन, हात असलेली खुर्ची आणि शेडखाली गाडी लावायची जागा. वराळ्याच्या स्प्रिंगांच्या कारखान्यात तो पाच वर्षं कामगार विभाग सांभाळत होता, तोही झेरॉक्स मशीनच्या उबेला बसून.

कारखान्याच्या मालकीण रुपाली मॅडमनी अट एकच घातली. "पोरं सोडून चाललीत. आसपासच्या कंपन्या काय काय देतात त्याचा तक्ता करा. आणि आपण वर दिसलो पाहिजे."

"आणि खरंच खाली असलो तर?"

"मग केबिन कशाला हवी तुम्हाला?"

प्रज्ञेशनं सोमाटण्याच्या खोक्यांच्या कारखान्यातल्या पवनला फोन लावला. तो तिथला कामगार विभाग बघायचा. दोघं एकाच कॉलेजातले, त्यामुळे एकमेकांशी खरं बोलायची सवय नव्हती.

"बस आहे, कॅन्टीन आहे, दिवाळीला अर्धा किलो काजूकतली," पवन म्हणाला. "तुमचं बोल."

बस इकडेही होती, कॅन्टीनही. दिवाळीला मात्र चिक्की, तीही तुकडा. काजूकतलीपुढे ती कुठल्या तोंडानं ठेवायची? प्रज्ञेशनं खिडकीबाहेर पाहिलं. कंपाउंडपलीकडच्या भाताच्या खाचरात शेतकरीण रतनबाई बांध लिंपत होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "भातलावणीची पगारी रजा. दोन दिवस."

"थांब, लिहून घेतो," पवन म्हणाला. ते प्रज्ञेशला काजूकतलीहून गोड लागलं.

आठवड्यानं तळेगावच्या कुलपांच्या कारखान्यातून अमृताचा फोन आला. तिच्याही गळ्यात असाच तक्ता पडला होता.

"लावणी रजा तुमच्याकडं किती हो? सोमाटण्यात तीन दिवस आणि रोपं फुकट. आमच्याकडं चार."

म्हणजे पवननं रजा उचलली, वर एक दिवस टाकला आणि पुढे ढकलली. आपल्या कोंबडीनं दुसऱ्याच्या खुराड्यात अंडी घालावीत, हे प्रज्ञेशला सोसेना.

"आम्ही रजा-बिजा कधीच बंद केली," तो म्हणाला. "आमचे ऑफिसरच जातात कामगाराच्या शेतावर. लावून देतात."

"चिखलात?"

"गुडघाभर."

तक्ता भरताना घोळ कळला. आपला कारखाना काय देतो हे मॅडमना पाठ होतं. सोमाटण्याच्या रकान्यात तीन, तळेगावच्या रकान्यात चार आणि आपल्या रकान्यात नुसती रेघ. रजा ज्यानं जन्माला घातली तोच तळाला! त्यानं ती अख्खी ओळच गाळली. वराळे एक नंबरवर आलं. खुर्चीचे हात दिसायला लागले.

शनिवारी लोणावळ्याच्या हॉटेलात कारखानदारांचं जेवण झालं. सोमवारी सकाळीच मॅडमनी बोलावलं.

"आपले ऑफिसर चिखलात उतरतात?"

"मॅडम, ते जरा..."

"कुलूपवाले साहेब सगळ्यांदेखत माझं कौतुक करत होते. मी काय, 'अहो, गेली चार वर्षं!' म्हणून बसले. आता उतरा."

"कोण?"

"कामगार विभागात ऑफिसर किती?"

"एक."

"मग विचारता काय?"

नोटीस लागली आणि बेचाळीस अर्ज आले. एकाचं शेत बिहारात. जाण्यायेण्याचं साहेबांनी बघावं, अशी विनंती. तुंगार्लीच्या एकाकडे गच्चीत चार कुंड्या. मॅडमनी पेट्रोल वाचवलं: पहिला नंबर कंपाउंडपलीकडच्या शेताचा. फोर्कलिफ्ट चालवणारा गोरख हा रतनबाईचा धाकटा.

प्रज्ञेशचे वडील रेल्वेत. भात त्यानं आजवर ताटातच पाहिलेला. पहिल्याच पावलाला डावा बूट चिखलानं ठेवून घेतला.

"सायेब, मागं सरकत लावायचं आसतंय," रतनबाई ओरडली. "फुडं चाललात तर आपलंच लावल्यालं तुडवाल. तुडवलंच की वो!"

मागं सरकता सरकता त्याची पाठ कुणाच्या तरी पाठीवर आदळली. वळून पाहतो तर पवन! आणि पलीकडे ओढणी कमरेला खोचून अमृता.

"तू हितं कुठं?"

"वराळ्यात ऑफिसर उतरतात म्हणे," पवन दातओठ खात म्हणाला. "आमच्या साहेबांनी जेवताना ऐकलं."

"तुमच्याकडं खरंच होतं ना हे?" अमृतानं विचारलं.

"तुमच्याकडं खरंच चार दिवस होते ना?"

तिघंही पुन्हा रोपांवर वाकले.

"पण मावशी, आम्ही तिघं एकाच शेतात कसे?" प्रज्ञेशनं विचारलं.

"थोरला सोमाटण्यात, सून तळेगावात, गोरख तुमच्यात," रतनबाई म्हणाली. "तिन्हीकडं पयला अर्ज आमचाच. जेवताना तिघांच्या सवलती रोजच ताडून बघतो आमी. तुमालाच तेवढा कागुद लागतुय."

दुपारी भाकरी-झुणका आला. पवन कुरकुरला, "शेजारच्या खाचरात चहाबरोबर भजी देतात."

"मंग जा की तितं. भजी देत्यात, पर भाकर न्हाई."

पवन गेला नाही.

शेवटी हिशेब असा लागला. रतनबाईची तीन माणसांची दोन दिवसांची मजुरी वाचली. रुपाली मॅडमना कारखानदारांनी मानाची ढाल दिली. कारखान्याला खर्च शून्य, कारण दोन्ही दिवस प्रज्ञेशच्याच रजेतून कापले. केबिन झाली, दारही लागतं. आत लावणीचे गमबूट आणि दोऱ्या ठेवतात, किल्ली प्रज्ञेशकडं असते. डावा बूट अजून खाचरातच आहे. दिवाळीला चिक्कीचा तुकडा मिळाला, आणि भात झोडल्यावर रतनबाईनं पिशवीभर इंद्रायणी तांदूळ पाठवला, निरोपासह: "फुडल्या साली भाकर येक जास्त."

पाच वर्षांतली त्याची ती पहिली पगारवाढ.