वाळुंजनानांचं पाइन

वाळुंजनाना भाजी घेत नाहीत, तपासतात. वांगं कानाशी धरून हलवतात, भेंडी उजेडात फिरवतात आणि भाजीवालीच्या तोंडावर म्हणतात, "रिजेक्ट." चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर आमची रावेतची सोसायटी त्यांच्या तपासणीखाली आली. माझी नवी स्कूटर, सेक्रेटरी कदमांचा जावई, गणपतीतला शिरा, सगळं रिजेक्ट.

पास झालं ते एकच. त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीसमोरचं पाइनचं झाड. नेमकं तेच वाळू लागलं. शेंडे तपकिरी होऊन वाकले. फांदी पडली तर खाली मुलं खेळतात, म्हणून मीटिंगमध्ये झाड पाडायचं ठरलं. महापालिकेची परवानगीही आली.

रविवारी सकाळी करवतवाला आला, तर नाना आधीच शिडीवर. हातात कात्री.

"नाना, खाली या," कदम म्हणाले.

"न्हाई. झाड बरं हाय. बारका पतंग शेंड्यावर अंडी घालतो, अळी आत शिरून कोंब पोखरते. नर्सरीवाल्यानं सांगितलंय, तेवढे शेंडे काढले तर झाड जगंल."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"मग मला बी रिजेक्ट करा."

कोणी हसलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि मऊ मातीत रुतणारी शिडी. मी धावत जाऊन ती धरली. जवळचे शेंडे संपले तसे नाना लांबच्या फांदीकडे झुकले आणि शिडीचा एक पाय सरकला. वर नानांनी फांदीला मिठी मारली, डोळे मिटले. जरा वेळाने कात्री पुन्हा चालू झाली. कदम आले आणि दुसऱ्या बाजूने शिडी धरून उभे राहिले.

"पावसाळाभर बघू," ते करवतवाल्याला म्हणाले आणि त्याला परत पाठवलं.

नाना उतरले आणि माझा खांदा धरून घराकडे निघाले. त्यांना सोडायला मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात गेलो. काकू अर्धांगवायूने पडून आहेत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांची खाट खिडकीला लावलेली आहे, मान वळत नाही, आणि त्या खिडकीत पाइनशिवाय दुसरं काही दिसत नाही, हे नाना मीटिंगमध्येसुद्धा बोलले नव्हते.

"सांगायचं ना, नाना."

"तिचं दुखणं पुढं करून मागायचं? तिला न्हाई आवडायचं."

नाना खाटेच्या कडेला टेकले. काकू चालत्या हाताने त्यांच्या कॉलरमध्ये अडकलेली पाइनची सुईसारखी पानं एकेक करून काढू लागल्या. बराच वेळ लागत होता. नाना मान खाली घालून बसून राहिले, जराही हलले नाहीत.