मथुराची मॅच

बायकोनं मला शेवटचं आउट केलं ते चहावरून.

भादव्यातली सकाळ होती. मथुरा ओट्यावर पाटावर बसलेली. डोक्यावर पदर आणि पदरावर निळी अमेरिकन टोपी. पुढं पाण्याचा तांब्या, त्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. मोबाईलचं तोंड तिच्याकडं, पाठ माझ्याकडं. मधे भाजलेल्या शेंगांचं सूप. दोघं शेंगा फोडत होतो. मी चहा मागितला. थोड्या वेळानं पुन्हा मागितला. मोबाईलवरची नजर न हलवता तिनं दोन बोटं वर केली.

"सुनीलना बाप, दोन व्हई ग्यात. तिसरांदाव मांगशात ते आउट."

मी मागितला. तलफेला काय कळतं? तिनं मूठ वळून अंगठा मागं फेकला आणि मला आउट दिला. चहा मिळाला तो मॅच संपल्यावर.

त्याच दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाही. डॉक्टर आला, त्यानं हात धरला, सोडला, चष्मा पुसत बसला. मी चौथी शिकलेला माणूस. रडणं मला लिहिता येत नाही. म्हणून तिच्याबद्दल लिहितो. आमच्या असोद्यात तिला येडी म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांच्यात पहिला मी.

मथुरा शिंदखेड्याची. लग्न करून असोद्याला आली, पण आपली अहिराणी तिनं सोडली नाही. बँकेत तीच, देवळात तीच, आणि अमेरिकेतही तीच. सुनेच्या बाळंतपणाला गेली होती ती, सुनीलकडं. मी नाही गेलो. केळीला पाणी कोण देईल? इकडं एकट्यानं खिचडी खाऊन दिवस काढले. वाटलं, बाई परत येईल तेव्हा सोनं आणेल, चॉकलेट आणेल. बाई आषाढात परत आली ती बेसबॉल घेऊन.

सुनीलच्या समोरच्या घरात डोरोथी नावाची एक म्हातारी एकटीच राहते. मथुरानं दुसऱ्याच दिवशी तिचं नाव दुरपता करून टाकलं. बाळ झोपलं की ही तिच्या अंगणात. दुरपता इंग्रजी बोलायची, ही अहिराणी. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळायचं नाही, म्हणून भांडणही झालं नाही. दुरपता बेसबॉल बघायची, शेंगा फोडायची. ही शेंगा फोडायला बसली आणि खेळ शिकून उठली. निघताना दुरपतानं आपल्या डोक्यावरची टोपी काढून हिच्या डोक्यावर ठेवली. ती मग फक्त न्हाताना उतरायची.

मला तिनं खेळ समजावला. सोटा धरून उभं राहायचं. चेंडू तीनदा चुकला की बाहेर. मारला तर चार कोपरे फिरून निघालो तिथंच परत यायचं.

मी म्हटलं, "तिथंच यायचं तर निघायचं कशाला?"

"तुम्ही रोज पारवर जातस ते कसाले?"

मी चपला घातल्या आणि पारावर गेलो.

त्या खेळातला तीनचा नियम तिनं सगळ्या जगाला लावला. भाजीवाल्यानं दोनदा चढा भाव सांगितला की बोटं वर. "दोन व्हई ग्यात." तो बिचारा विचारायचा, काय झाल्या, अक्का? ही सांगायची नाही. बँकेत साहेब म्हणाला, उद्या या. गेलो. पुन्हा म्हणाला, उद्या या. मथुरानं टोपी सारखी केली, त्याच्या तोंडापुढं दोन बोटं धरली आणि म्हणाली, "साहेब, दोन व्हई ग्यात. आते एक राह्यनी." त्यानं खुर्ची मागं सरकवली, शिपायाकडं पाहिलं आणि उभ्याउभ्या काम करून दिलं. मला बाजूला घेऊन विचारलं, "आबा, एक राहिली म्हणजे काय?" मी म्हटलं, "ते तुम्ही पाहू नका."

पारावर क्रिकेटवाले बसायचे. त्यांना जाता जाता टोला. "त्या तीन काड्या कसाले रोवतस रे? मारा आनि पया!" तेही पोचलेले. म्हणायचे, "मथुराकाकू, तुमची टीम जिंकली का?" टीम कधीच जिंकायची नाही. हिचे निळ्या टोपीवाले जन्माचे हरणारे. मी म्हटलं, जगात एवढ्या टीमा आहेत, जिंकणारी धर. तर म्हणाली, "हारनारासना बाजूले बी कोनी तरी बसाले जोयजे."

आमच्याकडं सकाळ असते तेव्हा तिकडं संध्याकाळ. उजाडता उजाडता मोबाईल वाजायचा, की ही हातातलं टाकून ओट्यावर. घरात रेंज जेमतेम, ओट्यावर चांगली. सुनीलनं तिच्या मोबाईलात मॅच बघायची चांगली सोय करून दिली होती. मोठं चित्र, एकदम स्वच्छ, मला त्यानं फोनवर सांगितलेलं. मी कधी वाकून बघितलं नाही. मला त्या सोट्याचा रागच होता. पण कानावर यायचंच. कॉमेंट्रीला एक बाई होती, घोगऱ्या आवाजाची. चार शब्द बोलायची, मग खोकायची. मथुरा मोबाईलवर अहिराणीत ओरडायची. "सुंठ घाल, सुंठ!" मला वाटायचं, खेळणाऱ्याला सांगते आहे.

मी म्हटलं, "तुह्या मॅचवाल्यांले दुसरी बाई भेटत नई का? किती खोकते ही!"

ती नुसती हसली. हसताना पदर तोंडाशी धरायची, म्हातारपणीसुद्धा.

श्रावणात कानबाई बसली. आमच्या खान्देशात कानबाई म्हणजे नारळाची देवी. रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. देवीचा पाट डोक्यावर घ्यायचा मान यंदा मथुराचा होता. सोमवारी सकाळी सगळी भावकी दारात, वाजंत्री तयार, आणि ही ओट्यावर मोबाईलपुढं. माझी मोठी वहिनी तापली. मथुरा म्हणाली, "जरासा थांबा, दोन व्हई ग्यात." वाजंत्रीवाले थांबले. त्यांनी बिड्या पेटवल्या. मग मोबाईलला हात जोडून ही उठली, टोपी चेपून तिची चुंबळ केली आणि त्यावर देवीचा पाट घ्यायला वाकली.

"मथुरे!" वहिनी किंचाळली. "देवीखाली टोपी? लाज नई वाटत तुले?"

"चांगली मऊ शे," मथुरा म्हणाली. "कानबाईले बी आवडई."

आणि नाचत निघाली. नदीपर्यंत तो पाट जरासुद्धा हलला नाही. वहिनी आठ दिवस बोलली नाही. मथुराला ते आठ दिवसांनी कळलं.

धुळ्याला तर कहर झाला. तिच्या बहिणीच्या नातीची सोयरीक होती, पाहुणे सकाळीच येऊन बसलेले. मोबाईल वाजला तशी ही पोह्यांची ताटली माझ्या हातात देऊन गच्चीवर. पाहुणे माझ्याकडं बघतायत, मी पोह्यांकडं. मी जिना चढून वर गेलो आणि भडकलो. "सोयरीक मोडशील गोऱ्या पोरांपायी! एक दिवस नई पाहिली तर काय होईल?"

"तठे कोनी तरी वाट देखी राह्यनं."

"तुही वाट पाहून चेंडू टाकता का ते?"

तिनं मोबाईलकडं पाहून हात हलवला, कोणाला तरी थांब म्हणावं तसा. सोयरीक जमली. मुलाच्या बापाला तिची टोपी फार आवडली होती.

तर अशी बाई त्या दुपारी गेली. संध्याकाळी तिला पोचवून आलो. सुनील तिकडून रातोरात निघाला होता, त्याला पोचायला वेळ होता. घर माणसांनी भरलेलं. तिनं जीव सोडला त्या कोपऱ्यात वहिनीनं पीठ पसरून दिवा लावला होता. टोपी खुंटीवर.

सकाळी उजाडता उजाडता मोबाईल वाजला.

सगळे झोपलेले. कोणी उठायच्या आत मी तो उचलून ओट्यावर आलो. बंद कसा करतात ठाऊक नव्हतं. हिरव्या खुणेवर ती बोट ओढायची ते लांबून पाहिलेलं, तसं ओढलं. तांब्याला टेकवून ठेवला आणि तिच्या पाटावर बसलो. पहिल्यांदाच मोबाईलचं तोंड माझ्याकडं होतं.

त्यात मॅच नव्हती. एक गोरी म्हातारी होती. डोक्यावर निळी टोपी, मांडीवर शेंगांचा डबा. तिच्या खांद्यामागं लांब भिंतीला टीव्ही. त्यात नखाएवढी हिरवळ आणि मुंगीएवढी माणसं. म्हातारी जरा हलली की तेवढंही दिसत नव्हतं.

"मटूरा?" ती म्हणाली, आणि खोकली.

कॉमेंट्रीवाली बाई.

सुनीलनं करून दिलेलं ते मोठं, स्वच्छ चित्र सोडून मथुरा इतके दिवस हे बघत होती. 

मला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, "मथुरा नई, बाई." दुरपता माझ्याकडं बघत राहिली. पुन्हा म्हणाली, "मटूरा?" मग मी मोबाईल उचलला, दारात उभा राहिलो आणि तिला तो कोपरा दाखवला. पिठावरचा दिवा. खुंटीवरची टोपी.

परत येऊन बसलो तेव्हा दुरपतानं आपली टोपी काढून छातीशी धरली होती. केस अगदी विरळ, कापसासारखे. तिनं मान खाली घातली, तशी तिच्या मागची मॅच अख्खी दिसायला लागली. निळ्या टोपीवाला सोटा धरून उभा होता. चेंडू आला, त्याचा चुकला.

मला वाटलं, आता ही बंद करेल. तिला वाटलं असेल, मी करेन.

वहिनी दारात आली. "भाऊ, आज बी मॅच?" ती आत गेली, पुन्हा आली. "लोक काय म्हनतीन?" मी दोन बोटं वर केली. ती बघतच राहिली आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. तिसऱ्यांदा आली नाही.

मी शेंगांचं सूप पुढं ओढलं. कालच्या शेंगा होत्याच. एक फोडली. तिकडं दुरपतानं डोळे पुसले आणि डब्यातली एक फोडली. मग तिला वाटलं, मी मॅच बघायला बसलोय. मला नीट दिसावी म्हणून ती आपली खुर्ची ओढत बाजूला सरकायला लागली.

मी हात हलवला. "नका सरकू, बाई. तिथंच बसा. मधोमध."