मास्तरांचा एक इंच

"तुम्हांला हे साफ खोटं वाटेल!" असं शिंपीमास्तर म्हणाले, की समोरच्याने मुकाट्याने स्टूल ओढून बसावं. कारण पुढची गोष्ट ऐकल्याशिवाय त्यांच्या दुकानातून कोणाची पँट बाहेर पडत नसे. भिंतीपलीकडून एका गिऱ्हाइकाची नुसती शिंक ऐकून त्यांनी त्याच्या छातीचं माप सांगितलं होतं! त्यांनी शिवलेला एक कोट इतका चपखल बसला, की तो अंगात आहे हेच मालक विसरला आणि आणखी एक कोट शिवायला आला! असल्या गोष्टी. पण त्यांतली एक मात्र खरी होती. चाळीस वर्षांत मास्तरांची कात्री एकदाही चुकली नव्हती.

म्हणून तर ज्या शनिवारी ती चुकली, त्या शनिवारी मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

सुरुवात त्यांच्या व्याह्यांनी केली. व्याही दातांचे डॉक्टर. मुलगी त्यांच्या घरी दिलेली, त्यामुळे मास्तर त्यांच्याशी फार गोड बोलत आणि मनातून फार जळत. दोघंही दर रविवारी सकाळी गावातल्या सायकलमंडळाबरोबर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जात. डॉक्टर नेहमी आधी पोचत आणि टाकीच्या सावलीत केळं सोलत बसत. मास्तर धापा टाकत वर आले, की सालं उचलून म्हणत, "या मास्तर! तुमची वाट बघता बघता तिसरं केळं झालं!"

एकदा त्यांनी मास्तरांच्या सायकलचं पुढचं चाक उचलून बघितलं. "अहो, हा फोर्क आहे की गेटचा खांब? माझा बघा, कार्बनचा. करंगळीवर पेलतो."

फोर्क म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा. मास्तर हसले, घरी आले आणि त्याच दिवशी त्यांनी कार्बनचा फोर्क मागवला.

शनिवारी दुपारी खोकं आलं. फोर्क इतका हलका, की मास्तरांनी आत काही आहे का म्हणून खोकं दोनदा हलवलं. फक्त त्याची वरची नळी लांबलचक होती. ती सायकलच्या मापाने कापून घ्यायची असते. सायकलीच्या वर आलेल्या नळीवर चार रिंगांची थप्पी, त्यावर हँडल. रिंगांची थप्पी बरोबर एक इंच.

समोरचा सायकलवाला म्हणाला, "मास्तर, नळी मला कापू द्या. कार्बन आहे. एकदा गेली की गेली."

"कापायचं कसं, ते तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही हो. निदान दोन बोटं माया तरी ठेवा."

"माया ठेवतात पोटं सुटणाऱ्यांच्या कपड्यांना! सायकलचं पोट सुटतं का?"

आता इथे मास्तरांच्या टेपबद्दल सांगायला हवं. त्यांच्या गळ्यातल्या टेपचा पहिला इंच पंधरा वर्षांपूर्वी तुटला होता. टेप सुरूच व्हायची एकपासून. त्यामुळे मास्तर माप घेत, आकडा वाचत आणि मनात एक वजा करत. नवी टेप घ्या म्हटलं तर म्हणत, "हिला माझी सवय झालीय!" साऱ्या गल्लीला हे ठाऊक होतं.

त्या दुपारी मात्र ही टेप कामात होती. चाक काढलेली सायकल मास्तरांनी इस्त्रीच्या टेबलावरच्या लोखंडी आकड्याला टांगली होती, ती टेपनेच बांधून! म्हणून त्यांनी मास्तरीणबाईंच्या डब्यातली टेप घेतली. नवी, पिवळी, धडधाकट.

"साडेनऊ," मास्तर पुटपुटले. "वजा एक. साडेआठ."

आणि करवत चालवली. काय ती सफाई! काळी भुकटी खाली पडत होती, मास्तर शीळ घालत होते. मग त्यांनी फोर्क सायकलमध्ये सरकवला, हँडल हातात घेतलं आणि शीळ मध्येच थांबली. रिंगांना जागाच नव्हती! चारही रिंगा तळहातावर होत्या आणि मास्तर त्यांच्याकडे असे बघत होते, जसा सदरा घालून झाल्यावर माणूस हातात उरलेल्या बाहीकडे बघेल.

भुकटीचा अंगठा साडेनऊवर टेकवून पिवळी टेप बघितली. आकड्याला टांगलेली टेप बघितली.

"झालं का हो?" आतून मास्तरीणबाईंनी विचारलं.

"एकदम फर्स्टक्लास!" मास्तर म्हणाले आणि रिंगा खिशात टाकल्या.

रिंगांशिवाय हँडल खाली बसलं, घट्ट बसलं. चालवता येत होतं. फक्त मास्तर आधीच वाकून बसणारे, त्यात वय एकसष्ट आणि पोट चाळिशीपासूनचं. हँडल धरलं की पोट मांड्यांवर यायचं, हनुवटी छातीवर टेकायची आणि नजरेला पुढचं चाक व चार हात रस्ता, एवढंच जग उरायचं. मान वर करायची सोयच नव्हती!

रविवारी ते तसेच निघाले. निघाले ते निघालेच. चढ दिसला की माणूस दमतो. मास्तरांना चढ दिसलाच नाही! डॉक्टर मागे पडले, मास्तरांना कळलं नाही. टाकी आली, कळली नाही. टाकीजवळ पंच म्हणून उभा असलेला न्हावी "मास्तर! ओ मास्तर!" म्हणून ओरडला. मास्तरांना वाटलं, डॉक्टर पुढे पोचले आणि आता हा चिडवतोय. त्यांनी आणखी जोर केला! टेकडीच्या पलीकडच्या उताराला लागले आणि थेट रोपवाटिकेच्या शेणखतात जाऊन थांबले.

अर्ध्या तासाने ते सायकल ढकलत टाकीपाशी आले, तेव्हा सगळं मंडळ उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

"काय तो ध्यास!" न्हावी म्हणाला. "आमच्याकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही!"

डॉक्टरांच्या हातात न सोललेलं केळं होतं. त्यांनी मास्तरांच्या सायकलभोवती एक चक्कर मारली. "मास्तर, हँडल एवढं खाली? रिंगा कुठायत?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मास्तरांनी तोंड उघडलंही. पण आतून चाळीस वर्षं बोलली. "मुद्दाम कापलं! बरोबर एक इंच. वारा डोक्यावरून जातो. हिशोब आहे तो, डॉक्टर, हिशोब!"

झालं! बुधवारपर्यंत निम्म्या मंडळाने आपापल्या रिंगा काढून हँडलं खाली बसवली. या प्रकाराला 'मास्तरकट' असं नावही पडलं. न्हाव्याची मान अशी आखडली, की त्याला गिऱ्हाइकाचे कान आणि त्याखालचंच दिसायचं. गल्लीत आठ जण वरून जंगल आणि खालून मैदान होऊन हिंडत होते. सायकलवाला मास्तरांकडे नुसता बघायचा. मास्तर दुसरीकडे बघायचे.

आणि शुक्रवारी डॉक्टर स्वतः आले. खांद्यावर सायकल, मागे वाकडी मान सांभाळत न्हावी, त्यामागे सायकलवाला.

"मास्तर, माझाही एक इंच उडवा!"

मास्तरांनी करवत पाठीमागे धरली. "रिंगा काढून बघा की. कापायला कशाला पाहिजे?"

"माझ्यात रिंगा नाहीतच. नळीच उडवायची."

रिंगा नाहीत म्हणजे कापल्यावर हँडल आवळायला नळीच उरणार नव्हती! हे मास्तरांना कळलं, सायकलवाल्यालाही कळलं. डॉक्टरांना कळलं नाही, कारण त्यांचा मास्तरांच्या कात्रीवर विश्वास होता.

"डॉक्टर, तुमची कंबर..."

"कंबर ठणठणीत आहे!"

"आज करवत बोथट आहे हो."

डॉक्टरांनी खिशातून नवं पातं काढलं. "घ्या! मास्तर, खरं सांगू? मी तुमच्यावर उगाच हसत होतो. तुमच्यासारखं डोकं आपल्या साऱ्या नात्यागोत्यात नाही."

सोयरीक झाल्यापासून व्याह्यांकडून पहिल्यांदाच आलेलं हे कौतुक! मास्तर विरघळले. त्याच वेळी आतून मास्तरीणबाई आल्या आणि नवऱ्याला बाजूला ओढून हळूच म्हणाल्या, "आपली मुलगी आहे त्या घरात! नीट कापाल ना?"

"मी कधी चुकलोय का?"

बाईंनी दोन्ही हात पुढे केले. एका हातात तुटकी टेप, दुसऱ्या हातात पिवळी. पिवळीवर साडेनऊच्या आकड्यापाशी काळ्या भुकटीचा अंगठा स्पष्ट उमटला होता.

"मग कोणती देऊ? तुमची की माझी?"

मास्तरांनी अंगठ्याकडे बघितलं. व्याह्यांच्या सुंदर, अखंड नळीकडे बघितलं. सगळे ताटकळले होते. मग त्यांनी घसा साफ केला, करवत हवेत उंच धरली आणि छाती काढली.

"तुम्हांला हे साफ खोटं वाटेल, पण आधी साडेनऊ मोजून, आठवडाभर अभ्यास करून, मुद्दामच मी..."

"वाटेल कशाला?" मास्तरीणबाई सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "खोटंच आहे ते! अहो, माझ्या टेपला पहिला इंच आहे!"